तलवार घेऊन पनवेलला

साल दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. त्या साली मी पनवेल पाहिलं, आणि पाहायला गेलो तो रागानं गेलो, हे आधीच सांगून टाकतो. लोक देवाला जातात, लेकीकडं जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. मी एक तलवार उसाच्या मोळीत बांधून गेलो.

मी केरबा लोहार. गाव वाईच्या पुढं, कृष्णेकाठी. आजोबापासूनची भट्टी आहे. शाळा तिसरीपर्यंत. नंतर गुरुजींनी छडी उगारली तेव्हा मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. पण कोयता म्हणाल तर चार तालुक्यांतले ऊसतोडीवाले माझ्या दारात येतात. भट्टीतून निघालेलं हत्यार मी आधी माझ्या हातावर फिरवतो. मनगटाचे केस साफ गेले तर गिऱ्हाइकाच्या हातात देतो, नाहीतर पुन्हा निसण्यावर. माझ्या डाव्या हातावर केस नाहीत ते त्यामुळं.

आदल्या थंडीत पनवेलची एक मुलगी मैत्रिणींबरोबर आमच्याकडचा गड चढायला आली होती. जागृती तिचं नाव. उतरताना माझ्या भट्टीपाशी थांबली ती तासभर हललीच नाही. मग विचारलं, "आजोबा, तलवार बनवाल का? दोन हातांनी धरायची, सरळ, युरोपातल्या जुन्या पद्धतीची?" मी म्हणालो, "जो कोयता बनवतो त्याला तलवार का येऊ नये?" तिनं कोळशानं जमिनीवर आकार काढला. छातीपर्यंत उंची, दोन्ही बाजूंना सारखी कड, मुठीच्या वर आडवी दांडी. कागदावर मापं लिहून दिली आणि तीनदा सांगितलं, "धार नको. लवली पाहिजे, पण धार नको."

आता हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. बायका विळा घेऊन जाताना म्हणतात, "धार नको, पोरं हात लावतात." दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभ्या. "बाबा, कापतच नाही हो." म्हणून मी कुणाचं ऐकत नाही, आधीच धार लावून देतो. ट्रकच्या कमानपाट्यातून तलवार ओढली, वाकवून पाहिली, पाणी दिलं आणि दोन दिवस बसून दोन्ही बाजूंनी अशी धार काढली की पाहणाऱ्यानं लांबूनच पाहावं. शेजारच्या सुनेनं फोनवर चित्रण करून जागृतीला पाठवलं. त्यात मी मनगटाचे केस काढून दाखवले होते.

जागृतीचा फोन आला.

"आजोबा, मी धार नको म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस. मी ऐकलं न्हाय."

"फार सुंदर झालीय. पण रविवारी आमचा जाहीर खेळ आहे आणि ही मैदानात चालणार नाही. असू द्या, मी माझी जुनीच वापरते."

असू द्या! माझ्या भट्टीची वस्तू आजवर कुणी परत केलेली नाही. आणि ही मुलगी न नेताच परत करत होती. मी फोन शेजारच्या सुनेच्या हातात दिला आणि म्हणालो, "तिला सांग, मी येतोय. मैदान काय असतं ते मलाही बघू दे."

शुक्रवार. उसाची मोळी

उघडी तलवार यष्टीत कोण घेऊ देणार? म्हणून तिला गोणपाटात गुंडाळलं, भोवती पंधरा ऊस लावले आणि काथ्यानं आवळलं. वाईला मुंबईकडं जाणारी गाडी धरली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मोळी डिकीत टाका." मी म्हणालो, "ऊस आहे, उन्हानं वाळंल." तो म्हणाला, "डिकीत ऊन कुठून येणार?" मी उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्यानं उत्तर दिलं नाही की माणसं बहिरा समजून पुढं जातात. ही युक्ती लिहून ठेवा.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, लेकीकडं पनवेलला निघालेल्या. पुणं मागं पडलं तशा म्हणाल्या, "बाबा, एक ऊस द्या की. तोंड कोरडं पडलंय." नाही कसं म्हणायचं? एक उपसून दिला. मग पुढच्या बाकावरच्यांनी मान वळवली, त्यांना एक. मग ड्रायव्हरला एक, कारण गाडी त्याच्या हातात. घाटाखाली उतरेपर्यंत मोळीत पाचच ऊस राहिले आणि गोणपाटातली मूठ आडव्या दांडीसकट वर आली. बाई त्या आकाराकडं पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती का हो? थडग्यावर क्रूस लावायला नेताय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग? कोण गेलं तुमचं?"

"अजून कुणी गेलं नाही."

बाई बाकाच्या टोकाला सरकल्या. पनवेल येताच माझ्या आधी उतरल्या.

पनवेलची हवा अंगाला चिकटते. आमच्याकडं ऊन लागतं, पण घाम येऊन वाळतो तरी. इथं सदरा पाठीला धरून बसतो, सोडतच नाही. स्टँडवर जागृतीचे वडील न्यायला आले होते. नाव हसुराम. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटे, पण बोलण्यात दहा वर्षांनी मोठे.

"पावनं, येवरासाच ऊस? मना वाटला गाडी भरून आनलाव."

"बाकीचा गाडीत खाल्ला."

"आनि तलवार?"

"ती खायची राहिली."

हसले, आणि तिथूनच आमचं जमलं. त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो आणि मोळी मांडीवर आडवी धरली. पहिल्याच चौकात दोन रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर अडकला. रिक्षावाला ओरडला, "ओ बाबा, टोलनाका उघडा!" तेव्हा मोळी उभी केली.

हसुराम करंजाड्याला राहतात. त्यांची भातशेती आणि मिठागर होतं, ते नव्या शहरासाठी सरकारनं घेतलं. बदल्यात मिळालेल्या जागेवर आता चार मजले उभे आहेत. जिना चढताना मला म्हणाले, "हितं माजा बाप मीठ वडायचा. आता बग, तिसऱ्या माल्याला पानी चरत नाय." गच्चीवरून जिकडं पाहावं तिकडं क्रेन. उलव्याच्या अंगाला तर इमारती आमच्याकडच्या गवतासारख्या उगवल्यात. संध्याकाळी मात्र खाडीकडून वारा आला, चिखलाचा आणि खारा वास घेऊन. हसुराम तेवढा वेळ वाऱ्याकडं तोंड करून उभे राहिले.

रात्रीच्या जेवणाला जिताडा होता. खाडीचा मासा, आणि पाहुण्याला जिताडा दिला म्हणजे त्याचा मान ठेवला, असं इथं समजतात. भाकरी तांदळाची. आमच्या ज्वारीच्या भाकरीला मनगट लागतं. ही पांढरी, मऊ, बोटांनी उचलली की पडद्यासारखी लोंबते. पहिली खाल्ली तेव्हा वाटलं, जेवण अजून सुरू व्हायचंय. चौथीला कळलं की संपलंय.

वाढताना जागृतीच्या आई, मंदावहिनी, एकदम म्हणाल्या, "दादा, तुमी ती तलवार आनलीव ती लोकांच्या पोरीला आनलीव. मना येकच पोरगी हाय. ती खेलते तवा मी मैदानाकडं पाठ करून उबी ऱ्हातंय."

जागृती म्हणाली, "आई, सेफ्टी असते गं."

"तू जेव," आई म्हणाली.

मी खाली मान घालून काटे काढत बसलो.

शनिवार. विळ्या आणि बैल

सकाळी वहिनींची मासे कापायची कोयती पाहिली. ती कोयती नव्हती, चमचा होता. जिन्याखाली दगडावर पाणी मारून घासली आणि अर्ध्या तासात परत दिली. वहिनींनी सुरमईचा तुकडा केला आणि शेजारणीला हाक मारली. मग काय विचारता! चारी मजल्यांवरून विळ्या, सुऱ्या, कात्र्या उतरल्या. दारावर मासळी विकायला येणारी एक कोळीण टोपली खाली ठेवून रांगेत बसली. काम झाल्यावर पात्यावरून नजर फिरवून म्हणाली, "बाबा, इतके दीस मी मासली काय कापत होते, मारत होते." मला त्या वेळी कुणी पनवेलचा नगराध्यक्ष हो म्हटलं असतं तरी मी होकार दिला असता.

त्याच तोऱ्यात जागृतीबरोबर सरावाला गेलो. तळ्याच्या जवळ मैदान आहे, एका कडेला झाडं आहेत, तिथं त्यांचा सहा जणांचा गट जमतो. अंगात गादीसारखे जाड कोट, डोक्याला जाळीचं शिरस्त्राण, हातांत जाडे मोजे. आधीच पनवेलचा उकाडा, त्यात हे! घाम कोटातून गळत होता. मी मनात म्हटलं, मार खाऊन मरणार नाहीत, शिजून मरतील.

चौघांच्या तलवारी प्लास्टिकच्या निघाल्या. लोखंडाच्या दोनच, जागृतीची आणि तिचा जोडीदार फैजलची. फैजल पनवेलच्या मोहल्ल्यातला, तळोज्याला एका कारखान्यात नोकरीला. कामगारांनी नीट टोपी-बूट घातलेत की नाही हे बघायचं, हे त्याचं काम. मैदानातही तेच करतो. प्रत्येकाचं हत्यार स्वतः तपासतो, कडेवरून बोट फिरवतो, टोक दाबतो, मगच आत सोडतो.

आधी जागृतीनं मला पवित्रे दाखवले. जर्मनीतल्या जुन्या वस्तादांनी लिहून ठेवलेत म्हणे, पाचसहाशे वर्षांपूर्वी. तलवार डोक्याशेजारी, टोक समोर, शिंगासारखं. "हा बैल, आजोबा." मूठ कमरेपाशी, टोक वर समोरच्याच्या तोंडाकडं. "हा नांगर."

"हा कसला नांगर? मी जन्मभर नांगराचे फाळ शेवटले, टोकं काढून दिली. फाळ जमिनीत जातो, आभाळात नाही."

"टोक जमिनीकडं केलं तर त्या पवित्र्याचं नाव वेगळं आहे."

"काय?"

"येडा."

"म्हणजे आमच्याकडं सगळे येडेच नांगरतात म्हण की."

ती इतकी हसली की शिरस्त्राण काढावं लागलं. मग समजावलं की येड्यासारखं उभं राहायचं, समोरच्याला वाटतं हा उघडा पडलाय, तो धावून येतो आणि फसतो. मी म्हणालो, हे कळायला जर्मनीला कशाला जायला पाहिजे? आमच्या बाजारात बैल विकणारा असाच उभा असतो.

मग मी गोणपाट सोडलं. सगळे गोळा झाले. एकानं शीळ घातली. फैजलनं तलवार दोन्ही हातांवर घेतली, वाकवली, सोडली. ती सरळ झाली. "माशाल्ला, चाचा. लाजवाब चीज आहे." मग खिशातून सुती रुमाल काढून पात्यावर नुसता टाकला. रुमालाचे दोन रुमाल झाले.

"मैदानात नाही, चाचा."

"मग मैदान बदला."

"चाचा, कारखान्यात टोपी नाही तर फाटक उघडत नाही मी. साहेब असला तरी. इथं कड रुपयाच्या नाण्याएवढी जाड आणि गोल पाहिजे. आणि धारेची तलवार घेऊन फिरणं कायद्यातही बसत नाही. इथवर आणलीत कशी?"

"ऊस खात खात," मी म्हणालो आणि झाडाखाली जाऊन बसलो.

तिथून त्यांचा खेळ बघितला. जागृतीनं नांगरातून वार उचलला, फैजलनं अडवला, तिनं पातं त्याच्या पात्यावरून सरकवलं आणि थेट त्याच्या मानेवर आणलं. खाडकन आवाज झाला. फैजल म्हणाला, "क्या बात है!" आणि दोघं परत उभे राहिले. माझं लक्ष मात्र आवाजावर गेलं. माझे डोळे आता अधू झालेत, कान नाहीत. लोखंड खोटं बोलायला लागलं की मला कळतं.

मी उठून गेलो. "ती तलवार इकडं दे." तिची बाहेरदेशची तलवार मुठीशी दोन बोटांत लोंबती धरली आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टक्. मग माझी तशीच धरून मारली. टण्ण... आवाज तळ्यापर्यंत गेला. "हिला तडा आहे. मुठीच्या वर, दांडीजवळ."

कुणाला पटेना. फैजलनं फोनचा दिवा लावला आणि नख फिरवत गेला. दांडीच्या वर बोटभर अंतरावर नख अडकलं. केसासारखी रेघ. एक वार जोरात बसला असता तर पातं उडून लोकांत गेलं असतं.

उद्याच्या फलकावर लोखंडी तलवारींचा खेळ असं छापलं होतं आणि आता जागृतीपाशी लोखंडी तलवार नव्हती. म्हणजे आता माझीच, असं मला वाटलं. मी छाती काढून उभा.

फैजल म्हणाला, "चाचा, धार उतरवा. लगेच घेतो."

"न्हाय."

"मग प्लास्टिकवर खेळू."

"खेळा."

जागृती मध्ये पडली. "आजोबांना जबरदस्ती नको. त्यांनी दोन दिवस राबून काढलीय धार." तिनं तडा गेलेली तलवार कापडात बांधली. ती बांधताना तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही, आणि तेच मला लागलं.

शनिवार दुपार. कानस

मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर हसुराम वाट बघत होते. सगळं ऐकून घेतलं आणि बशीत चहा ओतत म्हणाले, "केरबा, तुज्या दुकानात सगल्यात मोटी वस्तू कंची?"

"घण."

"त्याला धार हाय?"

"घणाला कशाला धार?"

"कोनी बनवला तो?"

"माझ्या बापानं."

"मंग तुजा बाप चुकला?"

मला राग आला. बापाचं नाव काढलेलं मला चालत नाही. पण मनातल्या मनात भट्टीतल्या वस्तू मोजायला लागलो. घणाला धार नाही, ऐरणीला नाही, सांडशीला नाही. पन्नास-साठ वर्षं मी ज्यांच्यावर पोट भरलं त्यातल्या निम्म्या वस्तू बोथट, आणि सगळ्या आमच्याच भट्टीच्या. ज्याचं काम ठोकायचं त्यानं ठोकावं, ज्याचं काम कापायचं त्यानं कापावं. आणि या पोरांच्या तलवारीचं काम काय? मानेवर यायचं आणि तिथं थांबायचं. मी तिला भलतंच काम शिकवलं होतं.

चहा संपवला, बशी पालथी घातली. हसुरामनी पुन्हा डिवचलं नाही, हे त्यांचं मोठेपण. मग मी विचारलं, "कुणाकडं कानस मिळंल का? चांगली. आणि शिकंजा, पातं आवळून धरायला."

ग्रिल-दरवाजे बनवणाऱ्या एका ओळखीच्याच्या शेडमध्ये त्यांनी नेलं. तो म्हणाला, "बाबा, ग्राइंडर मारतो, पाच मिनिटांत काम." मी म्हणालो, "तुझा ग्राइंडर तापवतो. तापलं की पाणी उतरतं, पाणी उतरलं की तलवार वाकल्यावर वाकलेलीच राहते." शिकंज्यात तलवार आवळली आणि हातानं घासायला बसलो. एक बाजू, मग दुसरी. जी धार काढायला दोन दिवस लागले होते तिचा चुरा खाली फरशीवर पडत होता. पहिला तास वाईट गेला. दुसऱ्या तासाला लक्षात आलं, बोथट करणंही सोपं नाही. कुठं कोपरा राहिला तर कोट फाडील, कुठं जास्त घासलं तर तोल जाईल. टोक बोराएवढं गोल केलं. पॉलिश कागदानं शेवटचा हात मारला तेव्हा ऊन उतरलं होतं. रुपयाचं नाणं कडेला लावलं. बरोबर.

घरी आलो आणि तलवार मंदावहिनींपुढं धरली. "बघा."

त्यांनी हात पदराला पुसला. अंगठा मुठीपासून टोकापर्यंत नेला, दुसऱ्या बाजूनं परत आणला. तेवढ्यानं भागलं नाही, पातं स्वतःच्या गालावर फिरवलं. आजवर माझ्या हत्याराला लागतं का म्हणून लोकांनी पारखलं होतं. लागत नाही ना म्हणून पारखणारी ही पहिली बाई.

"चालंल," त्या म्हणाल्या. "पन खेलताना वाकली नाय तं?"

"मूळचा गाडीचा पाटा आहे, वहिनी. त्यानं आयुष्यभर खड्डे सोसलेत."

रविवार. मैदान

पाच वाजता खेळ. सावलीच्या बाजूला आधी लहान मुलं, मग बायका, मग मोटारसायकलवर बसूनच बघणारे. पहिली पाळी संपवून तळोज्याहून आलेले फैजलचे सोबती घोळक्यानं उभे. करंजाड्याच्या आमच्या विळ्यावाल्या सगळ्या बायका पुढच्या रांगेत. एक ओरडली, "जागृती, बाबांनी माजी सुरी केली तशी तुजी केली का?" दुसरी म्हणाली, "गप गं, फैजलचे तुकडे पारशील."

फैजलनं तलवार तपासायला घेतली. मी समोर उभा. त्यानं दोन्ही कडा बोटांनी चाचपल्या, टोक तळहातावर दाबलं, छातीला लावून वाकवली. बराच वेळ लावला, मुद्दाम लावला असणार. मग मुठीकडून जागृतीच्या हातात दिली. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मीही हलवली.

आधी प्लास्टिकवाल्यांच्या जोड्या झाल्या. मग माईकवाला म्हणाला, "आता बघा मध्ययुगीन युरोपचा अस्सल थरार! खास जर्मनीहून मागवलेल्या तलवारी!"

माझं डोकं फिरलं. मी दोरी ओलांडून गेलो आणि त्याच्या हातातला माईक खाली ओढला. "एक असंल जर्मनीची. पोरीच्या हातातली वाईची आहे." माईक चालूच होता. सगळ्या मैदानात गेलं. लोक हसले, टाळ्याही पडल्या. हसुराम मागून ओरडले, "सांग त्याला, ऊस पन वाईचा व्हता!"

जागृती बैलात उभी राहिली, फैजल नांगरात. पहिला वार त्यानं केला, वरून, सगळ्या अंगानं. या वाराचं नाव रागाचा घाव आहे म्हणे. माझ्या पात्यावर तो बसला तेव्हा दिवसाउजेडी ठिणगी दिसली. माझे दात आपोआप आवळले. आवाज मात्र साफ होता, टण्ण, जसा झाडाखाली होता तसाच. दुसरा, तिसरा. जागृती मागं हटत गेली आणि तलवार खाली सोडून टोक जमिनीकडं करून उभी राहिली. येडा! मला माहीत होतं, बाकी कुणाला माहीत नव्हतं. फैजलला माहीत असूनही तो आला. तिनं पाय पुढं टाकला आणि टोक सरळ त्याच्या छातीत.

तलवार वाकली. धनुष्यासारखी, अर्धी वाकली. मैदानातल्या सगळ्यांनी श्वास धरला, मी तर विसरलोच घ्यायला. फैजल थांबला, तिनं हात मागं घेतला, आणि पातं सरळ झालं. मी एक डोळा मिटून दुरून पाहिलं. सुतासारखं सरळ. फैजलनं छातीवर थाप मारून हात वर केला, लागला म्हणून कबूल केलं.

तेव्हा माझ्या शेजारी कुणीतरी "अगो बाय!" म्हणालं. मंदावहिनी होत्या. तोंड मैदानाकडं होतं.

पुढं अजून चार झुंजी झाल्या. दोन फैजलनं मारल्या, दोन हिनं. हार-जीत कुणी मोजत नव्हतं, तो खेळ दाखवायचा होता. संपल्यावर लोक तलवारी हातात घ्यायला आले. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाबा, ही तर काही कापतच नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला काम नाही लागलं आज," मी म्हणालो.

पात्याला तीन ठिकाणी खाचा पडल्या होत्या. जागृती त्या दाखवून माफी मागायला लागली. मी सांगितलं, "ऐरणीला पण पडतात. कानस मारायची, कामाला लागायचं." तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि ती काही विचारायचं म्हणून उभी होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, त्या चौघांनाही प्लास्टिक सोडायचंय. तुम्ही..."

"बघू," मी म्हणालो. लगेच हो म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसुरामना स्कूटर काढायला लावली आणि तळोज्याच्या अंगाला एका भंगारवाल्याकडं गेलो. जुन्या ट्रकच्या कमानपाट्यांचा ढीग होता. एकेक दोरीला लोंबकळवायचा, टिचकी मारायची, कान लावायचा, नको तो बाजूला. बावीस पाटे वाजवले तेव्हा चार मनासारखे मिळाले. भंगारवाला कंटाळून विचारू लागला, "बाबा, कोयते बनवणार काय?"

"तलवारी."

"मग धार जबरदस्त लावत असाल!"

"धार काय, कुणीही लावतो," मी म्हणालो आणि एक जास्तीचा असावा म्हणून पाचवा शोधायला लागलो.